राजीनाम्याच्या कागदावर अंगठा उमटवण्यापूर्वी

डिचोली तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

“माझे यजमान 46 वर्षांचे आहेत. औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत ते गोळ्यांच्या पॅकिंगच्या यंत्रावर ऑपरेटर होते. नोकरीला सात वर्षे चार महिने झाली होती. पगार साडेएकोणीस हजार, त्यांतला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तेरा हजार. आठ महिन्यांपूर्वी घरी झोपेतच त्यांना पक्षाघात झाला. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये उपचार झाले. आता काठीच्या आधाराने चालतात, पण उजवा हात अजिबात उचलत नाही आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. समजते मात्र सगळे. इएसआयचे तीन महिने पैसे मिळाले, पुढे बंद झाले. आता एचआरवाले म्हणतात की राजीनामा द्या, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी लगेच सुटेल. कागद टाइप करून घरी पाठवला आहे, फक्त अंगठा उमटवायचा बाकी आहे. शेजारच्यांचा भाचा सरकारी नोकरीत आहे, त्याला अपघातानंतर त्याच पगारावर बसून करायचे काम दिले. आमच्याबाबतीत तसे का होत नाही? वर्षाला वीस रुपयांचा विमा बँकेतून कापला जातो, त्याचे पैसे मिळतील का? मुलगी बारावीत आहे. घर चालवायला दरमहा काहीतरी हवे.”

ताई, तुमचे पत्र वाचताना माझी नजर सगळ्यांत आधी त्या टाइप केलेल्या कागदावर गेली, आणि उत्तराची सुरुवातही तिथूनच करतो. त्यावर सध्या अंगठा उमटवू नका. कंपनीचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपल्या दृष्टीने प्रकरण लवकर मिटवावे एवढाच त्यांचा विचार असू शकतो. परंतु तुमच्या यजमानांना जे जे मिळण्यासारखे आहे त्यांतल्या बहुतेक गोष्टी दोन प्रश्नांवर अवलंबून आहेत: अपंगत्व आले तेव्हा ते नोकरीत होते का, आणि नोकरी सुटली ती कोणत्या कारणाने. “वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे” या एका ओळीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे लिहिले जाते आणि पहिल्याविषयी शंका निर्माण होते. माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांच्या कागदावर एका कारखान्यातल्या कारकुनाने, बहुधा चांगुलपणानेच, हीच ओळ घातली होती. ती निस्तरायला दीड वर्ष गेले आणि त्या काळात त्यांना दमडीही मिळाली नाही.

आता इएसआयविषयी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेविषयी. तुमच्या पत्रातला खरा तोटा मला तिथे दिसतो, कारण “पैसे बंद झाले” हे कोणीतरी तुम्हाला सांगितले आणि तुम्ही ते मान्य केले. साध्या आजारपणाचा भत्ता वर्षाला 91 दिवस आणि वेतनाच्या 70 टक्के दराने मिळतो. तुम्हाला मिळालेले तीन महिने ते हेच. मात्र राज्य विमा महामंडळाने दीर्घकाळ चालणाऱ्या 34 आजारांची एक यादी केलेली आहे. त्या आजारांसाठी विस्तारित आजारपण भत्ता असतो, तो 80 टक्के दराने मिळतो आणि वैद्यकीय शिफारस होत राहिली तर दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. अर्ध्या अंगाचा पक्षाघात त्या यादीत स्पष्टपणे आहे. अटी दोन आहेत: विमा लागू असलेली सलग दोन वर्षांची नोकरी, आणि आधीच्या चार अंशदान कालावधींत (वर्गणी मोजण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत) मिळून किमान 156 दिवसांची वर्गणी. सात वर्षांच्या नोकरीत त्या पूर्ण झालेल्या असणारच. आकड्यांत सांगायचे तर साडेएकोणीस हजारांच्या पगाराचे रोजचे वेतन ढोबळमानाने साडेसहाशे रुपये धरले, तर पहिल्या तीन महिन्यांत तुम्हाला रोज सुमारे 455 रुपये मिळाले असतील, आणि विस्तारित भत्ता सुमारे 520 रुपये रोज होतो, म्हणजे महिन्याला साडेपंधरा हजारांच्या आसपास. “दरमहा काहीतरी हवे” असे तुम्ही लिहिले आहे. ते काहीतरी पाच महिन्यांपूर्वीच सुरू व्हायला हवे होते.

ते आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी इएसआयच्या डॉक्टरांनी रुग्ण अजून कामाला असमर्थ आहे असा दाखला देत राहावे लागते आणि आजार यादीतला आहे हे कागदावर यावे लागते. तुमच्या यजमानांवर बांबोळीला उपचार झाले, त्यामुळे तिथले डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या स्कॅनचा अहवाल आणि प्रत्येक तपासणीची चिठ्ठी घेऊन त्यांच्या नावावर नोंदलेल्या इएसआय दवाखान्यात जा, आणि विस्तारित भत्त्यासाठी शिफारस करावी अशी लेखी विनंती करा. तोंडी विचारले तर “बघू” असे उत्तर येते. लेखी दिले तर त्यावर आवक क्रमांक पडतो. उशीर झाला आहे म्हणून मागे फिरू नका. रुग्णाला बोलता येत नव्हते आणि भत्ता संपल्याचे सांगितले गेले होते, हे उशिराचे कारण अर्जातच लिहा. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. प्रमाणित आजारपणाच्या काळात मालकाने कामगाराला काढून टाकण्यावर कायद्याच्या मर्यादा आहेत. मात्र कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर ती ढाल त्याने आपल्याच हाताने खाली ठेवल्यासारखे होते.

इएसआयमध्ये “अपंगत्व लाभ” नावाचाही एक लाभ आहे आणि त्याचा दर 90 टक्क्यांपर्यंत असतो, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. ते खरे आहे, पण तो कामावर असताना किंवा कामावर येता-जाता झालेल्या दुखापतीसाठी असतो. तुमच्या यजमानांना झटका घरी, झोपेत आला. म्हणून तुमचा मार्ग आजारपणाचाच.

भविष्यनिर्वाह निधीकडे वळतो, आणि इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण याविषयी अर्धवट माहिती फार फिरते. पीएफच्या खात्यात दोन वेगळी खाती दडलेली असतात. एक साठलेल्या पैशांचे, जे कायमच्या असमर्थतेमुळे नोकरी सुटल्यास एरवीच्या प्रतीक्षेवाचून पूर्ण काढता येते. दुसरे 1995 च्या कर्मचारी निवृत्तीवेतन योजनेचे. त्या योजनेत निवृत्तीवेतनाला साधारणपणे दहा वर्षांची सेवा लागते, आणि तुमच्या यजमानांची सात वर्षेच झाली म्हणून एचआरने तुम्हाला “पेन्शन नाही, ते पैसेही काढून घ्या” असे सांगितले असेल किंवा सांगेल. परंतु नोकरीत असताना कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले तर दहा वर्षांची अट राहत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. आणि निवृत्तीवेतनासाठी एरवी पाहिला जाणारा पन्नास-अठ्ठावन्न वयाचा हिशेबही इथे लागत नाही.

“पूर्ण अपंगत्व” हा शब्द ऐकून माणसे घाबरतात. माझे यजमान चालतात, जेवतात, मग ते पूर्ण अपंग कसे, असा प्रश्न तुम्हालाही पडेल. त्या योजनेतली व्याख्या मात्र वेगळी आहे. अपंगत्व येतेवेळी कर्मचारी जे काम करण्यास समर्थ होता, ते सर्व काम करण्यास तो कायमचा असमर्थ झाला आहे का, एवढेच तिथे पाहिले जाते, आणि अपंगत्व कामावर आले की घरी, याने काही फरक पडत नाही. दोन्ही हातांनी, उभे राहून, चालत्या पट्ट्यावरच्या गोळ्यांच्या पाकिटांवर नजर ठेवणाऱ्या ऑपरेटरचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली, तर त्याचे काम गेले. म्हणून वैद्यकीय मंडळापुढे जाताना त्यांच्या कामाचे वर्णन कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घेऊन जा: पाळी किती तासांची होती, किती वेळ उभे राहावे लागे, उजव्या हाताने काय काय करावे लागे. डॉक्टरांना शरीर दिसते, यंत्र दिसत नाही. ते कागदाने दाखवावे लागते.

रकमेची खोटी आशा मी दाखवत नाही. सरासरी निवृत्तीवेतनयोग्य वेतन तेरा हजार धरले आणि सात वर्षांची सेवा धरली, तर वेतन गुणिले सेवा भागिले सत्तर या सूत्राने महिन्याला 1300 रुपये येतात. किमान रक्कम 1000 आहे, त्याहून थोडी जास्त. उलट, निवृत्तीवेतनाऐवजी एकरकमी पैसे काढले तर हातात ढोबळमानाने लाखभर रुपये येतील. बारावीतली मुलगी आणि औषधांचा खर्च समोर असताना लाख रुपये मोठे वाटतात, हे मी नाकारत नाही. पण 1300 रुपये दरमहा म्हणजे वर्षाला 15,600, आणि साडेसहा वर्षांत ती रक्कम भरून निघते. तुमचे यजमान 46 वर्षांचे आहेत. शिवाय त्यांच्या पश्चात तुम्हाला कुटुंब निवृत्तीवेतन चालू राहते, जे एकरकमी पैसे काढल्यानंतर राहत नाही. माझे मत विचाराल तर निवृत्तीवेतन घ्या. निर्णय तुमचा, पण तो दोन्ही आकडे समोर ठेवून घ्या, एचआरने पुढे केलेल्या एकाच फॉर्मवरून नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे: निवृत्तीवेतनाचा अर्ज म्हणजे फॉर्म दहा-डी, आणि दहा-सी हा पैसे काढून घेण्याचा.

आता त्या कारणाच्या रकान्याकडे पुन्हा येतो. नोकरी सुटल्यावर कंपनी भविष्यनिधीच्या पोर्टलवर सुटल्याची तारीख आणि कारण भरते. कारणांमध्ये सेवासमाप्ती, वयोमानानुसार निवृत्ती, मृत्यू अशा पर्यायांच्या बरोबरीने “कायमचे अपंगत्व” हाही पर्याय असतो. राजीनामा दिलात की कारकून सवयीने पहिला पर्याय निवडतो. एकदा ते भरले गेले की दुरुस्तीसाठी कंपनी पणजीच्या पाटोवरच्या भविष्यनिधी कार्यालयाकडे बोट दाखवते, कार्यालय कंपनीकडे बोट दाखवते आणि तुम्ही डिचोली-पणजी बसच्या तिकिटांचा संग्रह करत राहता. म्हणून कंपनीला आधीच लेखी कळवा की कारण हेच भरले जावे.

ग्रॅच्युइटीचा मुद्दा लहान आहे. ती राजीनाम्याने “सुटत” नाही, ती त्यांच्या हक्काचीच आहे. तेरा हजार गुणिले पंधरा भागिले सव्वीस, गुणिले सात वर्षे, म्हणजे 52,500 रुपये, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांत ती मिळायला हवी. तुमच्यासारख्या परिस्थितीतल्या इतर वाचकांसाठी एवढेच जोडतो की अपंगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षे पूर्ण नसली तरी ग्रॅच्युइटी देय होते. इथेही पुन्हा तेच: नोकरी अपंगत्वामुळे संपली हे कागदावर असले पाहिजे. कंपनीकडून 21 नोव्हेंबर 2025 पासून कायदे बदलले असे उत्तर आले तर गोंधळू नका. ग्रॅच्युइटी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे, पण अपंगत्वासाठी दिलेली ही सवलत तिथेही आहे.

शेजारच्यांच्या भाच्याविषयी तुम्ही विचारले आहे, आणि त्या प्रश्नातला सल मला कळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20 मध्ये अशी तरतूद आहे की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जमत असलेल्या दुसऱ्या पदावर त्याच वेतनश्रेणीत त्याला न्यावे लागते, आणि असे पद नसेल तर त्याच्यासाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीजचे जादा, पद निर्माण करून निवृत्तीपर्यंत ठेवावे लागते. परंतु ही सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे: शासकीय खाती, नगरपालिका, सरकारी अनुदानावरच्या संस्था, सरकारी मालकीच्या कंपन्या. गोव्याची सरकारी बससेवा चालवणाऱ्या कदंब महामंडळाच्या चालकाला ती लागू होते, औषध कंपनीच्या ऑपरेटरला नाही. हे अन्यायकारक आहे असे मला वाटते. एकाच पक्षाघाताने खिळलेल्या दोन माणसांतला एक पगारावर राहतो आणि दुसरा राजीनाम्याच्या कागदावर येतो, याचे समर्थन करणे अवघड आहे. पण कायदा आज असा आहे. खासगी कंपनीकडे बसून करायच्या कामाची विनंती जरूर करता येते, कारण समान संधी धोरण ठेवणे प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. त्या धोरणाची प्रत मागा. विनंती मान्य झाली तर उत्तम, आणि नाकारली गेली तर तो नकार लेखी घ्या. “कंपनीकडे योग्य काम नाही” हे त्यांचे पत्र तुमच्या निवृत्तीवेतनाच्या अर्जाला बळच देईल.

दाखल्याचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, आणि मला त्याची काळजी वाटते. अपंगत्वाचा दाखला आणि त्याबरोबर मिळणारे युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) हे पुढच्या बहुतेक योजनांचे प्रवेशद्वार आहे. अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर करायचा. रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातले शासकीय रुग्णालय किंवा जिथे उपचार झाले ते, यांतले एक निवडता येते. म्हणजे तुमच्यापुढे म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळी हे पर्याय आहेत. मी बांबोळी सुचवीन, कारण मूळ केसपेपर तिथे आहेत. मेंदूच्या आजारातले मूल्यमापन झटक्यानंतर सहा महिन्यांनी होते, आणि तुमचे आठ महिने झाले आहेत, तेव्हा वेळ बरोबर आहे.

अर्ज भरताना बहुतेकजण एक चूक करतात. त्यांना लंगडणारा पाय आणि लटकणारा हात दिसतो, म्हणून ते फक्त चलनवलनाचे अपंगत्व लिहितात. पण कायद्यातल्या 21 प्रकारांत वाणी आणि भाषेचे अपंगत्व हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि मेंदूच्या इजेमुळे शब्द न सापडणे त्यातच मोडते. दोन्हींचे मूल्यमापन मागा. टक्के सरळ बेरजेने मिळत नाहीत, त्यांचे सूत्र आहे. समजा हातापायांचे 50 टक्के आणि वाणीचे 30 टक्के ठरले, तर मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही हिस्सा मिळवला जातो: 90 मधून 50 वजा जाता उरलेले 40, त्यांना 30 ने गुणून 90 ने भागले की 13 टक्के आणि थोडे वर. एकूण सुमारे 63. बहुतेक सवलतींची रेषा 40 टक्क्यांवर आहे आणि आयकराच्या जुन्या प्रणालीत वजावट 40 टक्क्यांना 75,000 आणि 80 टक्क्यांना 1,25,000 रुपये असते, यावरून हे तेरा टक्के किती मोलाचे ठरू शकतात ते लक्षात येईल.

तपासणीच्या दिवसाबद्दल एक घरगुती गोष्ट सांगतो. आपल्याकडे डॉक्टरांपुढे रुग्णाने हुशारी दाखवावी अशी एक रीत आहे. “साहेबांना चालून दाखवा, बघा किती सुधारणा आहे,” असे आपणच कौतुकाने म्हणतो, आणि रुग्णही बिचारा सगळे बळ एकवटून काठीशिवाय चार पावले टाकतो. ती चार पावले कागदावर जातात. घरी परतल्यावर त्याला दोन दिवस उठता येत नाही, ते जात नाही. खोटे काही सांगू नका, पण रोजचे खरे सांगा: सदऱ्याची बटणे कोण लावते, पेज डाव्या हाताने पिताना किती सांडते, आंघोळीला कोण बसवते, पाणी हवे असेल तर ते “पाणी” म्हणू शकतात की बोट दाखवतात. आदल्या आठवड्यात मुलीला वहीत हे रोज लिहायला सांगा. आणि दाखला मिळवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका. टक्के कमी लागले किंवा दाखला नाकारला तर कारणे लेखी मिळतात आणि त्यावर अपीलही करता येते.

हाच दाखला हातात आला की दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज समाजकल्याण संचालनालयाकडे करता येईल. ही योजना ज्येष्ठांसाठी आहे असाच अनेकांचा समज आहे, पण दिव्यांग व्यक्तींनाही तिच्यातून दरमहा अर्थसहाय्य मिळते. गोव्यात 15 वर्षांचे वास्तव्य लागते, त्याचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळवावा लागेल, आणि उत्पन्नाची अट असते. त्या अर्जात इएसआयचा भत्ता किंवा निवृत्तीवेतन लपवू नका. नंतर उघड झाले तर वसुली होते, आणि तोपर्यंत ते पैसे खर्च झालेले असतात. मंजूर झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकवला की पैसे थांबतात.

वीस रुपयांच्या विम्याविषयी: ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती अपघातासाठी आहे. अपघातात दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेल्यास दोन लाख आणि एक डोळा, हात किंवा पाय गेल्यास एक लाख मिळतो. पक्षाघात हा आजार आहे, त्यामुळे इथून काही मिळणार नाही, आणि त्यासाठी बँकेत खेपा घालू नका. मात्र घरासाठी किंवा दुचाकीसाठी कर्ज घेतले असेल तर त्याबरोबर गळ्यात मारलेली एखादी पॉलिसी असते का, ती शोधा. तशीच कंपनीची सामूहिक पॉलिसी. त्यांत “गंभीर आजार” असे कलम असेल तर पक्षाघात त्यात सहसा असतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली मेंदूची कमतरता डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते, आणि तुमच्याकडे आठ महिन्यांच्या चिठ्ठ्या आहेत.

सहीचा प्रश्न तुम्हाला पावलोपावली अडवेल. उजवा हात गेल्यामुळे बँकेतल्या जुन्या सहीशी नवी सही जुळणार नाही. अशा खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांपुढे, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, घेऊन व्यवहार करण्याची पद्धत बँकांमध्ये आहे. शाखाधिकाऱ्यांना लेखी विनंती करा. पण कोणी “पालक नेमून घ्या, कोर्टातून आदेश आणा” असे सुचवले तर घाई करू नका. बोलता न येणे आणि न समजणे यांत फरक आहे, आणि तुम्हीच लिहिले आहे की त्यांना सगळे समजते. ज्याला समजते त्याचा निर्णय त्यानेच घ्यावा, हो-नाही मानेने सांगून का होईना. प्रत्येक कागद आधी त्यांना वाचून दाखवा. राजीनाम्याचा तो कागदही त्यांच्यासमोर वाचा आणि त्यांना काय वाटते ते विचारा. इतके दिवस सगळे त्यांच्याविषयी बोलत आहेत, त्यांच्याशी नव्हे, अशी मला शंका आहे.

या आठवड्यात कंपनीला द्यायचे पत्र असे लिहा, म्हणजे एचआरचा फोन आला तर तुम्हाला फोनवर वाद घालावा लागणार नाही:

“आपण पाठवलेला राजीनाम्याचा मसुदा मिळाला. मी स्वेच्छेने राजीनामा देत नाही. मला अमुक तारखेला, सेवेत असताना, पक्षाघात झाला असून मी सध्या प्रमाणित आजारपणात आहे. विस्तारित आजारपण भत्त्यासाठी लागणारी माहिती आपण राज्य विमा महामंडळाला द्यावी. मला झेपेल असे बसून करायचे काम कंपनीत उपलब्ध आहे का ते लेखी कळवावे, आणि समान संधी धोरणाची प्रत द्यावी. असे काम उपलब्ध नसल्यास आणि पुढे माझी सेवा समाप्त करावी लागल्यास, तिचे कारण कायमचे अपंगत्व असे सर्व कागदपत्रांत आणि भविष्यनिधीच्या नोंदीत नमूद करावे. माझ्या कामाच्या स्वरूपाचा दाखलाही द्यावा.”

खाली यजमानांचा डाव्या अंगठ्याचा ठसा, शेजारी दोन साक्षीदारांची नावे आणि सह्या. एक साक्षीदार नात्याबाहेरचा असू द्या, पत्र डिचोलीच्या पोस्टातून नोंदणी आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, आणि पोचपावती परत येईपर्यंत एचआरने पाठवलेला मूळ कागद फाडू नका. कोणत्या तारखेला तुमच्याकडे काय मागितले गेले, याचा तोच पुरावा आहे.